दयेचा अधिकार आणि दंडाची समता



गेल्या महिन्यात एक विधवा भगिनी आपल्या दिराला सोबत घेऊन माझ्या कचेरीत आल्या. गावाचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्यांना त्याच गावात राहावयाचे आहे. बारा वर्षांपूर्वी पाण्याच्या वादातून त्यांच्या पतीचा खून झाला. खटला चालला, निम्मे साक्षीदार फिरले, तरीही आरोपीला जन्मठेपेची शिक्षा झाली. दोन वर्षांपूर्वी या कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली. आता एस.टी.च्या थांब्यावर कुणाच्या तरी तोंडून त्यांच्या कानी आले की, त्या कैद्याने राज्यपालांकडे दयेचा अर्ज केला आहे आणि तो लवकरच सुटून गावात येणार आहे. सरकारकडून मात्र त्यांना एका ओळीचेही पत्र आलेले नव्हते.

हा अर्ज कसा थांबवावा, असे त्या विचारतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी विचारले ते निराळेच. त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, विरोध करावा की करू नये, तेच विचारायला आले. आम्ही आता बुद्धाची माणसं. भन्तेजींनी अंगुलिमालाची गोष्ट सांगितली. एवढी माणसं मारणाऱ्याला बुद्धानं जवळ केलं. मग ह्याला सोडू नका म्हणणं माझ्याकडून पाप होईल का?”

त्या दिवशी मी त्यांना कायद्याची कलमे सांगितली. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी दिले नाही, आणि ही गोष्ट मनाला लागून राहिली. तो प्रश्न उद्या तुमच्याही उंबरठ्यावर येऊ शकतो. म्हणून जे उत्तर त्या वेळी सुचले नाही, ते आज तुमच्यापुढे मांडीत आहे.

प्रथम हा अधिकार काय आहे ते पाहू. आपल्या संविधानाच्या ७२ व्या अनुच्छेदाने राष्ट्रपतींना आणि १६१ व्या अनुच्छेदाने राज्यपालांना, न्यायालयाने दिलेली शिक्षा माफ करण्याचा, तहकूब करण्याचा, कमी करण्याचा अथवा सौम्य करण्याचा अधिकार दिला आहे. पूर्वी राजा जे आपल्या मर्जीने करीत असे, ते आता राष्ट्रप्रमुख मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करतो. मारू राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली हे निःसंदिग्धपणे सांगितले. जन्मठेपेच्या कैद्याने किमान १४ वर्षे तुरुंगात काढली पाहिजेत, असा जो फौजदारी कायद्याचा नियम काही गंभीर गुन्ह्यांना लागू आहे, तोही या सांविधानिक अधिकाराला बांधू शकत नाही. याचा अर्थ असा की, तळच्या न्यायालयापासून दिल्लीच्या न्यायालयापर्यंत वर्षानुवर्षे झगडून मिळविलेला निकाल एका सहीने निष्फळ होऊ शकतो.

मग असा अधिकार लोकशाहीत असावाच कशाला, असे तुम्ही विचाराल. ज्या समाजाने शतकानुशतके राजाची मर्जी सोसली, त्याने हा प्रश्न विचारणे स्वाभाविकच आहे. मनुस्मृतीत एकाच अपराधाला वर्णपरत्वे निरनिराळे दंड सांगितले होते. इतरांना जेथे देहदंड, तेथे ब्राह्मणाला केवळ मुंडन. ती दया नव्हती. जन्माने मिळालेली ती सूट होती आणि धर्माचे नाव देऊन ती टिकविली गेली होती. राज्यकर्त्याच्या हातातील क्षमेकडे आपण संशयाने पाहतो, त्याचे मूळ या अनुभवात आहे.

तथापि या संशयापायी आपण घाईने निर्णय करू नये. न्यायालयेही माणसांचीच असतात आणि माणसांची चूक होते. गरीब आरोपीला चांगला वकील मिळत नाही, उलटतपासणी धड होत नाही, आणि अपिलाच्या टप्प्यावर झालेली चूक दुरुस्त होत नाही. अशा वेळी शेवटचे एक दार उघडे असावे लागते. बिहारमधील एक प्रकरण सांगतो.

१९९२ च्या फेब्रुवारीत गया जिल्ह्यातील बारा या गावी ३५ भूमिहारांची माओवादी टोळीने हत्या केली. ते कृत्य अमानुष होते, याबद्दल दुमत नाही. त्या प्रकरणी टाडा या विशेष कायद्याखाली चौघांना २००१ साली फाशीची शिक्षा झाली. त्यांपैकी बहुतेक दलित समाजातील होते. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा दोन विरुद्ध एक अशा बहुमताने कायम केली. म्हणजे न्यायाधीशांतही एकमत नव्हते. त्यांच्या दयेच्या अर्जांना २००३ साली सुरुवात झाली आणि उत्तर मिळाले ते २०१७ च्या प्रारंभी. गृहमंत्रालयाची शिफारस प्रतिकूल असतानाही राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी त्या चौघांची फाशी जन्मठेपेत बदलली.

आता त्याच बिहारचे दुसरे चित्र पाहा. १९९७ साली लक्ष्मणपूर बाथे येथे ५८ दलितांची कत्तल झाली. कनिष्ठ न्यायालयाने २६ जणांना दोषी ठरविले, परंतु पाटणा उच्च न्यायालयाने २०१३ साली त्या सर्वांची निर्दोष मुक्तता केली. एका हत्याकांडात दलित आरोपी फासाच्या दोरापर्यंत पोहोचले आणि दुसऱ्यात दलितांना मारल्याबद्दल कोणीच दोषी उरला नाही. अशा तराजूत ज्यांना तोलले गेले, त्या चौघांसाठी ७२ वा अनुच्छेद नसता तर काय झाले असते, याचा विचार करा. क्षमेचा अधिकार रद्द करा, असे म्हणणाऱ्याने हेही विसरू नये की, फासाच्या खोलीत श्रीमंत माणूस क्वचितच असतो.

फाशीबद्दल बाबासाहेबांचे मतही येथे स्मरणीय आहे. ३ जून १९४९ रोजी घटना समितीत बोलताना, देहांताच्या शिक्षेवरील अपिलांची व्यवस्था वाढवीत बसण्यापेक्षा ती शिक्षाच रद्द करण्यास आपण अनुकूल आहोत, असा अभिप्राय त्यांनी दिला होता. अहिंसा हे या देशाने निदान नैतिक तत्त्व म्हणून मानले आहे, हे त्यामागील कारण होते. ती शिक्षा आजही कायद्यात आहे. जोवर ती आहे, तोवर दयेचे दारही असलेच पाहिजे.

परंतु वाचकहो, ज्या दारातून निराधाराने जावयाचे, त्याच दारातून वजनदार माणूस प्रथम आत शिरतो, हाही आपल्या देशाचा अनुभव आहे.

आपल्या मुंबईतीलच उदाहरण घ्या. १९५९ साली नौदलाचे कमांडर नानावटी यांनी आपल्या पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालून ठार केले. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली, आणि त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी सर्वोच्च न्यायालयातील अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती शिक्षा तहकूब केली. सर्वसाधारण कैदी तुरुंगात जातो, हे अधिकारी नौदलाच्याच ताब्यात राहिले. प्रकरण न्यायालयापुढे असताना राज्यपालांना अशी ढवळाढवळ करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९६० सालीच दिला. पुढे १९६१ च्या नोव्हेंबरात शिक्षाही कायम झाली. तरीही १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना क्षमा केली. नानावटींच्या बाजूने वृत्तपत्रे होती, सभा होत होत्या आणि दिल्लीपर्यंत ओळखी होत्या. त्या वर्षी येरवड्यात वा ठाण्यात जन्मठेप भोगणाऱ्या किती भूमिहीन मजुरांच्या अर्जांना अशी त्वरा लाभली असेल?

उत्तर प्रदेशात एका खुनी आमदाराला राज्यपालांनी शिक्षेत सूट दिली. त्याच्यावर आणखी पाच फौजदारी खटले होते, ही गोष्ट राज्यपालांपुढे ठेवण्यातच आली नव्हती. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आंध्र प्रदेशात एका कैद्याला सूट देताना अहवालात तो सत्ताधारी पक्षाचा चांगला कार्यकर्ता असल्याचे नमूद होते. २००६ साली एपुरू सुधाकर खटल्यात न्यायालयाने तोही आदेश रद्द केला आणि बजावले की, जात, धर्म वा राजकीय निष्ठा यांवर आधारलेली क्षमा ही कायद्याच्या राज्याशी द्रोह करणारी आहे. हे निकाल आपण पाठ करून ठेवावेत इतक्या मोलाचे आहेत.

आता मी अशा मुद्द्यावर येतो की, ज्यात बाबासाहेबांच्या युक्तिवादाचाच आधार घेऊन मला एक पाऊल पुढे जावयाचे आहे. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत या अधिकारावर चर्चा झाली. राष्ट्रपतींना अधिकार असताना राज्यपालांनाही तो कशाला, असा आक्षेप होता. बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, गुन्हा एका विशिष्ट स्थळी घडतो, आणि त्या प्रांताच्या गृहमंत्र्याला तेथील परिस्थितीची जवळून माहिती असल्यामुळे तो योग्य सल्ला देऊ शकतो. हा युक्तिवाद तर्कशुद्ध आहे. प्रश्न एवढाच की, स्थानिक माहिती म्हणजे कोणाची माहिती? गावाचे मत विचारावयाचे झाल्यास सरकारी माणूस कोणाच्या ओसरीवर बसतो? तो पोलीस पाटलाला विचारतो, सरपंचाला विचारतो, चावडीवर विचारतो. वस्तीत येऊन, जिचा नवरा मारला गेला त्या बाईला विचारीत नाही. “आरोपी सुटून आल्यास गावाच्या शांततेस बाधा नाही,” असे कागदावर लिहिले जाते आणि त्या ‘गावात’ आपण धरलेलेच नसतो.

मराठवाड्याने हे अनुभवले आहे. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात आपल्या वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली. त्या भागात अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली नोंदविलेले एक हजाराहून अधिक खटले १९९५ नंतर राज्य सरकारने मागे घेतले. सामाजिक सलोखा हे त्याचे कारण सांगितले गेले. शिक्षा झाल्यावर जी क्षमा राज्यपाल करतात, ती येथे निकालापूर्वीच झाली. ज्यांनी सोसले त्यांना कोणी विचारले नाही. ज्याला विचारलेच नाही, त्याच्या वतीने केलेला सलोखा म्हणजे सलोखा नव्हे. त्याचे तोंड बंद करण्याचा तो एक सभ्य मार्ग आहे.

तेव्हा आपली भूमिका कोणती असावी? मला ती सम्राट अशोकाच्या एका लेखात सापडते. तोपरा येथून दिल्लीस आणून उभारलेल्या स्तंभावरील चौथा लेख पाहा. अशोकाने आपल्या अधिकाऱ्यांना त्यात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. पहिली ही की, न्यायाच्या व्यवहारात समता असावी आणि दंडातही समता असावी. दुसरी ही की, देहदंड झालेल्या कैद्याला तीन दिवसांची मुदत द्यावी, म्हणजे त्याच्या नातलगांना फेरविचारासाठी रदबदली करता येईल. समता आणि दया या दोहोंना एकाच लेखात स्थान मिळाले आहे, आणि समतेला पहिले. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा क्रम आजच्या राज्यकर्त्यांनीही पाळावा. आधी दंड सर्वांना सारखा, मग दयेचे दार सर्वांना सारखे. दंडात समता नसेल तर दया ही मेहेरबानी ठरते, आणि मेहेरबानी नेहमी ओळखीच्या माणसावरच होते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, राष्ट्रप्रमुखाच्या हाती क्षमेचा अधिकार असावा, परंतु तो तीन बंधनांसह असावा.

पहिले बंधन कारणांचे. न्यायाधीश शिक्षा देताना पानेच्या पाने कारणे लिहितो, मग ती शिक्षा पुसून टाकणाऱ्याने एक ओळही लिहू नये, हे कोणत्या न्यायात बसते? क्षमा केली वा नाकारली, तर ती का, हे लेखी आणि प्रसिद्ध झाले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७२ व्या कलमात, हा निर्णय कसा झाला याची चौकशी कोणत्याही न्यायालयाने करू नये, असे म्हटले आहे. ही तरतूद मला मान्य नाही. संविधानाने सर्वोच्च व उच्च न्यायालयांना दिलेला अधिकार साध्या कायद्याने हिरावता येत नाही. शिवाय वर सांगितलेले दोन्ही निकाल न्यायालयाने चौकशी केली म्हणूनच मिळाले.

दुसरे बंधन मुदतीचे. फाशीच्या कैद्याला वर्षानुवर्षे उत्तरावाचून ठेवणे ही त्या फाशीखेरीज दिलेली दुसरी शिक्षाच होय. २०१४ साली शत्रुघ्न चौहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विलंबासारख्या कारणांवरून १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. नव्या संहितेने सरकारी खात्यांना ६० दिवसांच्या मुदती घातल्या आहेत, हे चांगले झाले. पण अंतिम निर्णयाला मुदत नाही. ती असावी.

तिसरे बंधन आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते म्हणजे पीडिताचे ऐकून घेण्याचे. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती होऊन १५-अ हे कलम आले. जामीन, सुटका, पॅरोल, दोषसिद्धी वा शिक्षा यांविषयीच्या कामकाजात पीडिताला अथवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्याला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क त्याने दिला. (नवदीक्षित बांधवांनी येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बौद्ध झाल्याने या कायद्याचे संरक्षण जाते, ही समजूत चुकीची आहे. १९९० च्या दुरुस्तीने धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले आहे.) पॅरोलच्या काही दिवसांसाठी ज्या विधवेचे म्हणणे ऐकावे लागते, कायमच्या सुटकेच्या वेळी तिला बाहेर ठेवणे ही विसंगती आहे. हाच हक्क राजभवनातील अर्जालाही लागू झाला पाहिजे.

हे अशक्य नाही. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनी गुजरात सरकारने बिल्किस बानो प्रकरणातील ११ कैद्यांना मुक्त केले आणि त्यांच्या गळ्यांत हार पडले. ती राज्यपालांची क्षमा नव्हती, सरकारने फौजदारी कायद्याखाली दिलेली सूट होती. परंतु अन्याय त्याच जातीचा होता. त्या बाईने स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. खटला मुंबईत चालला असल्याने हा अधिकार गुजरातचा नव्हे, महाराष्ट्राचा होता, असे सांगून न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी तो आदेश रद्द केला आणि ते अकरा जण पुन्हा तुरुंगात गेले. ती बाई उभी राहिली म्हणून हे घडले. कायद्याने आधीच तिला विचारले असते, तर तिला असे उभे राहावे लागले नसते.

हे काम आज झाले पाहिजे, याचे कारण खैरलांजी सांगते. २००६ सालच्या त्या हत्याकांडात नागपूर खंडपीठाने २०१० साली फाशीच्या शिक्षा २५ वर्षांच्या जन्मठेपेत बदलल्या. त्या कुटुंबातील वाचलेले कुटुंबप्रमुख २०१७ साली निवर्तले. उद्या दयेचा अर्ज पुढे आला, तर त्यांचा शब्द कोठून आणावयाचा? पीडिताचे म्हणणे तो जिवंत असतानाच लिहून ठेवले पाहिजे.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे वळतो. ताई, अंगुलिमालाची गोष्ट तुम्ही ऐकली, ती पूर्ण ऐका. राजा प्रसेनजित घोडेस्वार घेऊन निघाला, त्यापूर्वीच अंगुलिमालाने शस्त्र टाकले होते आणि चीवर धारण केले होते. आधी परिवर्तन झाले आणि मग राजाने हात आवरला. पुढे तो भिक्षेसाठी नगरात गेला, तेव्हा दगड आणि काठ्या लागून त्याचे डोके फुटले, पात्र फुटले, चीवर फाटले. रक्तबंबाळ होऊन तो परतला. तथागतांनी नगरवासीयांना बोलावून, तुम्ही क्षमा का केली नाही, असा जाब विचारला नाही. त्यांनी अंगुलिमालालाच सांगितले की, हे सोस, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. ज्यांची माणसे मेली, त्यांच्यावर क्षमेची सक्ती बुद्धाने केली नाही.

करुणा ही तुमची आहे. ती तुम्ही द्याल तेव्हा आणि द्याल तर द्याल. तुमच्या मनातला द्वेष निमाला, तर त्यात तुमचे कल्याण आहे, आणि तो धम्माचा मार्ग आहे. पण तुमची करुणा तुमच्या नावावर दुसऱ्या कोणी परस्पर वाटून टाकावी, असे धम्म सांगत नाही. विरोध करा अथवा संमती द्या, दोन्हींत अकुशल काही नाही. अकुशल आहे ते, तुम्हाला न विचारता केलेला निर्णय.

अशा भगिनी आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. ज्या घराने असा खटला सोसला आहे, त्याने निकालपत्राची प्रमाणित प्रत जपून ठेवावी. कैदी कोणत्या कारागृहात आहे, याची माहिती ठेवावी. दयेच्या अर्जाची कुणकुण लागताच, आपले म्हणणे लिहून ते गृह विभागाला आणि राजभवनाला नोंदणीकृत डाकेने पाठवावे आणि पोच सांभाळावी. लिहिता येत नसेल, तर विहारातल्या शिकलेल्या मुलामुलींनी ते लिहून द्यावे. हेही वंदनेइतकेच पुण्याचे काम आहे.

त्या भगिनींनी गेल्या आठवड्यात आपले पत्र माझ्याकडे आणून दिले. त्यात सुटकेला विरोध नाही आणि संमतीही नाही. त्यात एवढेच आहे की, त्या रात्री काय घडले ते मला सांगावयाचे आहे, मला बोलवावे. मी ते तसेच पाठविले आहे.

जय भीम.